बालकांच्या पोषणश्रेणी आणि त्यांचे गणित

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच स्त्रियांच्या हाती आरोग्याचे काम सोपविले. बालकांची वजने घेणे हा त्या कामाचा एक भाग होय. आज अंगणवाड्यांतूनही वजने घेतली जातात व जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मानकांनुसार बालकाची नोंद सर्वसाधारण, मध्यम कमी वजनाचे अथवा तीव्र कमी वजनाचे अशी होते.

या नोंदींवरून कुपोषणाची कारणे शोधावयाची, तर मातेचे शिक्षण, पाण्याची सोय, आरोग्य केंद्राचे अंतर यांचा श्रेणीशी असलेला संबंध तपासावा लागतो. संख्याशास्त्रात त्यासाठी समाश्रयण ही पद्धत आहे. तिचे प्रकार अनेक आहेत, आणि निवड चुकली तर मदतीची दिशाही चुकते.

श्रेणींना ०, १, २ असे अंक देऊन सरासरी काढण्याचा मोह सहज होतो. समजा, एका गावातील दहाही बालके मध्यम श्रेणीत आहेत. दुसऱ्या गावात पाच सर्वसाधारण व पाच तीव्र. दोन्हीकडे सरासरी १ च येते! जिवाला सर्वाधिक धोका असलेली पाच बालके त्या आकड्यात लुप्त होतात. श्रेणींना क्रम असतो. त्यांच्यातील अंतर समान असल्याची ग्वाही मात्र कोणी दिलेली नसते. उलटपक्षी, ‘कुपोषित’ व ‘सुपोषित’ असे दोनच गट केल्यास मध्यम आणि तीव्र यांतील भेद पुसला जातो.

क्रम राखून अंतराविषयी काहीच गृहीत न धरणारी पद्धत पीटर मॅकुला यांनी १९८० साली सविस्तर मांडली. तीत श्रेणींमधील प्रत्येक सीमारेषेपाशी, बालक त्या रेषेखाली असण्याची व नसण्याची शक्यता यांचे गुणोत्तर पाहतात. एखाद्या कारणाचा परिणाम सर्व रेषांवर सारखाच होतो, असे येथे मानलेले असते. हे गृहीत तपासल्याविना स्वीकारू नये. अकोले तालुक्यातील डोंगराळ भागाचेच उदाहरण घ्यावे. आरोग्य केंद्र दूर असल्याने मध्यम श्रेणीतील प्रमाणात फारसा फरक न पडता, वेळीच उपचार न मिळालेले आजारी बालक तीव्र श्रेणीत जाण्याची शक्यता तेवढी वाढू शकेल. तसे आढळल्यास त्या एका कारणापुरते प्रत्येक रेषेसाठी वेगळे माप काढता येते. पद्धतीच्या सुधारित रूपात तशी सोय आहे.

अर्थात मूळ वजन व वय नोंदवहीत असेल, तर प्रथम तेच घ्यावे. किलोग्रॅम उपलब्ध असताना श्रेणीवर गणित मांडणे म्हणजे हातचा तपशील टाकून देणे होय. केवळ श्रेणीच उरलेल्या जुन्या नोंदवह्या, किंवा नळाला पाणी ‘रोज, कधीकधी, कधीच नाही’ अशा उत्तरांची पाहणी, येथे मात्र क्रमाधारित पद्धतच योग्य ठरते.