मोनालिसासमोरची पंगत

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मोनालिसाच्या दालनात शिरलेली गर्दी थेट तिच्याकडे धावते. तिच्या समोरच्याच भिंतीवर जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच अशी लग्नाची पंगत बसली आहे, आणि या पंगतीकडे बहुतेकांची पाठ असते. याची मला मनापासून हळहळ वाटते. पाओलो वेरोनेझेचं ‘कानाचं लग्न’ नीट पाहायचं तर तास पुरत नाही.

गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानातली. गालीलातल्या काना गावी लग्नात द्राक्षारस संपतो. मरिया ते येशूच्या कानावर घालते. आपली घटिका अजून आलेली नाही, असं तो म्हणतो, पण पुढे सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस होतो. वेरोनेझेने हे खेड्यातलं लग्न आपल्या काळच्या व्हेनिसच्या थाटात लावलं. संगमरवरी खांब, जरीची वस्त्रं, पगडीवाले पाहुणे, सव्वाशेच्या आसपास माणसं. डावीकडे एक बाई दात कोरते आहे. उजवीकडे एक मांजर उताणं पडून रांजणावरच्या नक्षीला नख्या मारतंय. नवरा-नवरी पार डाव्या टोकाला. मधोमध येशू, भोवतालच्या गलबल्यात एकटाच स्थिर, नजर सरळ आपल्याकडे. बरोबर त्याच्या डोक्यावर, वरच्या सज्जात, सुऱ्याने मांस कापणं चाललं आहे. अभ्यासक त्यात बळी जाणाऱ्या कोकराची, म्हणजे येशूच्या मरणाची, खूण पाहतात. येशूच्या खाली, वादकांच्या टेबलावर, वाळूचं घड्याळ. न आलेली ती घटिका चित्रकाराने अशी एका उभ्या रेषेत मांडली आहे. वादकांमधला पांढऱ्या वस्त्रातला स्वतः वेरोनेझे आणि लाल झग्यातला चित्रकार तिशियन, अशी जुनी समजूत आहे.

हे चित्र दालनासाठी नव्हतंच. व्हेनिसजवळच्या सान जॉर्जो माज्जोरे बेटावरच्या बेनेडिक्टाइन मठाने जून 1562 मध्ये वेरोनेझेशी करार केला: 324 डुकाट, कामाच्या दिवसांत जेवण, वर द्राक्षारसाचं एक पिंप. रंग उत्तमातले हवेत, ही अटही होती. पुढच्याच वर्षी, वास्तुकार पल्लादियोने बांधलेल्या भोजनगृहाची आख्खी भिंत या पंगतीने भरली. खाली मौन पाळून जेवणारे साधू, वर हा जल्लोष. ही जोडी तुटली, हेच मला चित्राचं सर्वांत मोठं नुकसान वाटतं.

1797 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते कापून, गुंडाळून पॅरिसला नेलं. 1815 मध्ये लुटीतली बरीच चित्रं इटलीला परतली. हे मात्र प्रवासात टिकणार नाही म्हणून फ्रान्सने ठेवून घेतलं आणि बदल्यात शार्ल ल ब्रँचं एक चित्र व्हेनिसला दिलं. 1992 मध्ये डागडुजीच्या काळातच ते पडून कापड फाटलं. ते पुन्हा सांधलं गेलं.

2007 मध्ये माद्रिदच्या फाक्तुम आर्ते या कार्यशाळेने मूळ चित्र स्कॅन करून त्याच मापाची हुबेहूब प्रत केली आणि मठातल्या त्या जुन्या भिंतीवर बसवली. वेरोनेझेच्या हातचं कापड पॅरिसला आहे. पण ही पंगत कुठल्या उंचीवरून, केवढ्या खोलीत बघायची, ते कळायला बेटावरच जावं लागतं.