इंधनावरील कर आणि ग्राहकांच्या सवयी

चंदीगडची हद्द कोठे संपते व मोहाली कोठे सुरू होते, हे नवख्या प्रवाशास रस्त्यावरून सहसा उमगत नाही. पेट्रोलपंपावरील दरफलक पाहिला म्हणजे उमगते. चंदीगड हा १९६६ पासून केंद्रशासित प्रदेश असून त्याचे क्षेत्रफळ अवघे ११४ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या एका अंगास पंजाबातील मोहाली, तर दुसऱ्या अंगास हरियाणातील पंचकुला ही नगरे लागूनच वसली आहेत. पेट्रोल व डिझेल ही इंधने वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्यामुळे प्रत्येक राज्य त्यांवर आपापला कर बसविते, आणि चंदीगडचा कर बराच काळ शेजाऱ्यांपेक्षा कमी राहिला आहे.

ज्या व्यवहाराचा उपद्रव इतरांस सोसावा लागतो त्यावर कर बसवावा, हा विचार इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली विस्ताराने मांडला. पेट्रोलचा धूर व रस्त्यावरील कोंडी ही अशा उपद्रवाची ठळक उदाहरणे होत. इंधन महागले की मनुष्य वाहन कमी वापरील, ही त्यामागील अपेक्षा. परंतु मनुष्य प्रथम बदलतो ती सर्वांत सोपी सवय. आणि हद्दीवर राहणाऱ्यास सर्वांत सोपे काय, तर पंप बदलणे!

येथे थोडे गणित करून पाहू. समजा, चंदीगडमध्ये पेट्रोल लिटरमागे ३ रुपयांनी स्वस्त असून ९५ रुपयांस मिळते, आणि तेथवर जाण्यायेण्यास १० किलोमीटर पडतात. मोटारीत ४० लिटर भरणाऱ्याचे १२० रुपये वाचतात. लिटरला १५ किलोमीटर या हिशेबाने जाण्यायेण्यात सुमारे ६३ रुपये जळतात. त्यास ५७ रुपयांचा लाभ होतो. स्कूटरवाला ५ लिटर भरून १५ रुपये वाचवितो, पण लिटरला ४५ किलोमीटर धरले तरी २१ रुपयांचे पेट्रोल जाळतो. म्हणजे पळवाट आहे ती मोठ्या टाकीच्या मालकास. शिवाय ज्या पेट्रोलची बचत व्हावी म्हणून कर बसविला, तेच हेलपाट्यात खर्ची पडते आणि महसूल शेजारच्या तिजोरीत जातो.

इंधनाइंधनांतील दरभेदाचाही असाच परिणाम होतो. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, तर डिझेलवरील नियंत्रण ऑक्टोबर २०१४ पर्यंत टिकले. या मधल्या काळात देशभर डिझेल मोटारींची मागणी फार वाढली. लोकांनी प्रवास तसाच ठेवून एंजिन तेवढे बदलले.

दर कसा वाढतो यासही महत्त्व आहे. १ मे २०१७ रोजी पाच शहरांत दररोज दर बदलण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यांत चंदीगड एक होते. १६ जूनपासून ती पद्धत देशभर लागू झाली. रोजच्या चार-दोन पैशांच्या चढउताराने कोणी गाडी घरी ठेवीत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

सवय खरोखर बदलते ती पर्याय हाताशी असेल तेथे. ल कार्बूझ्ये यांच्या आराखड्यात प्रत्येक सेक्टरमध्ये दुकाने व शाळा पायी जाण्याच्या अंतरावर योजिली आहेत. भाजीसाठी स्कूटर काढणारा महाग पेट्रोलामुळे सहज पायी जाऊ लागेल. पण सचिवालय शहराच्या उत्तर टोकास आणि कारखाने आग्नेयेस. मोहालीहून पहाटेच्या पाळीस निघणाऱ्या कामगाराच्या वेळेस बस नसेल, तर लिटरमागे दहा रुपये वाढले तरी तो स्कूटरच काढील, आणि ते दहा रुपये घरखर्चातून कमी करील.