जीव तिकडेच अडकला!

पुण्याच्या नैर्ऋत्येला, सिंहगड रस्त्यावर धायरी हे आमचे गाव. माझा दवाखाना सुरू झाला तेव्हा दाराशी शेतकरी रुग्णांच्या सायकली उभ्या असत. आता गाव महापालिकेत गेले (ऑक्टोबर २०१७ मध्ये), मळ्यांच्या जागी इमारती उठल्या आणि एकेका इमारतीत मुले परदेशी असलेली तीन-चार घरे तरी सापडतात. त्यामुळे पूर्वी माझ्याकडे न येणारे एक दुखणे आता दर वर्षी येते. त्याला औषधांच्या पुस्तकात नाव नाही. मी त्याला ‘परतल्याचे दुखणे’ म्हणतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ६८ वर्षांच्या एक काकू आल्या. गणपती आटोपल्यावर मुलाकडे न्यू जर्सीला गेल्या होत्या, पाडव्याच्या तोंडावर परतल्या. तक्रारी तीन. झोप येत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही. रक्तदाब तपासला, कार्डिओग्राम काढला. काही दोष नव्हता. “विमानाचा शीण आहे, आठ दिवसांत जाईल,” असे सांगून आम्लपित्ताची गोळी दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या. झोप नाहीच. या वेळी मी झोपेची सौम्य गोळी लिहून दिली. बाहेर रुग्णांची रांग होती. अधिक विचारायला मला सवड झाली नाही.

आठवड्याने त्या आल्या त्या हाताला प्लॅस्टर घालूनच. रात्री उठल्या, गोळीच्या गुंगीत तोल गेला आणि मनगटाचे हाड मोडले. काका म्हणाले, “डॉक्टर, ही रोज रात्री एकच्या ठोक्याला उठते. खिडकीशी जाऊन उभी राहते. विचारले तर काही बोलत नाही.”

मी काकूंना विचारले, “एक वाजताच का?”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तिकडे तेव्हा साडेतीन वाजतात. नातीची शाळेची बस येते. तिला उतरवून घ्यायला मीच जायची ना, डॉक्टर! आता कोण जात असेल?”

वाचकहो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. तीन भेटींत मी छाती तपासली, पोट तपासले. पण ‘तिकडे दिवस कसा जायचा?’ हा एक प्रश्न विचारला नाही. तो विचारला असता तर कदाचित ते मनगट वाचले असते. म्हणून आजचा हा लेख.

हे दुखणे म्हणजे काय?

परक्या मुलखात गेल्यावर माणूस बावरतो, हे आपल्याला माहीत आहे. तिथली थंडी, भाषा, एकटेपणा यांची आपण मनाशी तयारी करून जातो. पण आपल्याच घरी परतल्यावर त्रास होईल, असे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. म्हणून हा धक्का अधिक जोरात बसतो. गलाहॉर्न या अमेरिकन दांपत्याने १९६३ साली परतलेल्यांच्या मनःस्थितीचा आलेख मांडला. परदेशी गेल्यावर मन आधी उल्हसित, मग खचलेले, मग स्थिरावलेले. आणि घरी आल्यावर पुन्हा तोच चढउतार. इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखा तो आलेख दिसतो. सर्वांचाच प्रवास असा नेमका होतो असे नाही, पण माझ्या रुग्णांकडे पाहता त्यात तथ्य वाटते.

गंमत पाहा. घराच्या ओढीने माणूस आजारी पडतो, हे योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बासेल येथे आपल्या प्रबंधात मांडले आणि त्या आजाराला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. आमच्या रुग्णांचे दुखणे त्याच जातीचे आहे. फरक एवढाच, की घर कुठले हे त्यांचे त्यांनाच ठरवता येत नाही. अर्धे घर इकडे आणि अर्धे तिकडे.

कोणाकोणाला होते?

आजी-आजोबांचे वर सांगितलेच. तिकडे सहा महिने नातवंडांच्या मागे धावण्यात दिवस संपतो. इकडे आल्यावर दोन माणसे आणि चार खोल्या. धायरी फाट्यावरच्या वाहनांच्या गर्दीचा किंवा पाण्याच्या टँकरचा त्रास त्यांना नवा नसतो. नवे असते ते रिकामपण. ‘आपली कोणाला तरी गरज आहे’ ही भावना एका दिवसात विमानतळावर सोडून यावी लागते.

दुसरा गट तरुणांचा. एक इंजिनिअर सहा वर्षे जर्मनीत राहून आईवडिलांसाठी परत आला. पहिला महिना सणासारखा गेला. मग प्रत्येक गोष्टीची तुलना सुरू झाली. रस्ते, हॉर्न, कचरा, कार्यालयातली दिरंगाई. “तिकडे असं नसतं” हे वाक्य दिवसातून दहा वेळा. आईला वाटे, हा आपल्यालाच नावे ठेवतोय. त्याला वाटे, माझे कोणाला ऐकायचेच नाही. दोघांचा रक्तदाब मीच मोजत होतो! पुढे रात्रीची दारू वाढली, तेव्हा घरचे घाबरून त्याला घेऊन आले.

तिसरा गट सुनांचा. एका बाईंना नवरा डोकेदुखीसाठी घेऊन आला. “हिला तिकडची हवा लागली,” हे निदान त्याने आधीच केले होते. त्याला बाहेर बसवून बाईंशी बोललो. तिकडे त्या स्वतः मोटार चालवत, वाचनालयात जात, घरचा हिशेब ठेवत. इथे परतल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे तरी ‘कुठे चाललीस?’ याचे उत्तर द्यावे लागे. त्यांची ओढ अमेरिकेची नव्हतीच, तिथे मिळालेल्या मोकळिकीची होती. याला डोकेदुखीची गोळी काय करणार?

चौथा गट आखातातून किंवा बोटीवरून परतणाऱ्या कर्त्या पुरुषांचा. कोकणातल्या खलाशांच्या घरी हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मुले आईला विचारून वागतात, घर बाईच्या हुकमावर चालते आणि ज्याच्या पैशावर घर उभे राहिले तोच घरात पाहुणा ठरतो.

आणि सर्वांत दुर्लक्षित गट लहान मुलांचा. आईवडील म्हणतात, “आम्ही घरी परत आलो.” पण जे मूल तिकडेच जन्मले, तिथेच शाळेत गेले, ते परत आलेले नसते. त्याने घर सोडलेले असते. सोमवारी सकाळी नेमके पोट दुखणे, पुन्हा अंथरूण ओले होणे, मित्र नसणे, ही त्याची भाषा आहे. तिला ‘नाटक’ म्हणू नका.

आधी शरीर तपासा

सारे मनावर ढकलण्याची चूकही करू नये. लांबच्या प्रवासानंतर पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. शरीराचे घड्याळ एका दिवसात साधारण तासाभरानेच सरकते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा आणि आपला फरक साडेनऊ ते साडेदहा तासांचा. म्हणजे आठ-दहा दिवस झोप विस्कटणारच. सकाळी उन्हात अर्धा तास चालावे, दुपारी लांब झोप काढू नये. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप नसेल तर कारण दुसरे आहे, हे ओळखावे.

२. प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखले तर घरी थांबू नये. तासन्‌तास बसून पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती फुफ्फुसात जाऊ शकते. थेट रुग्णालय गाठावे.

३. काही महिने बाहेर राहिल्यावर इथल्या पाण्याची सवय मोडते. पहिले काही आठवडे पाणी उकळूनच प्यावे. जुलाब झाल्यास मीठ-साखर-पाण्याची पुडी जवळ असावी.

४. थकवा, उदासी आणि झोपेची तक्रार थायरॉईड मंदावल्याने, रक्त कमी असल्याने, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने किंवा अनियंत्रित मधुमेहानेही होते. साध्या रक्ततपासणीत हे कळते.

५. तिकडून आणलेल्या गोळ्या संपल्या म्हणून रक्तदाबाचे किंवा साखरेचे औषध बंद करू नये. वेष्टनावरचे मूळ औषधाचे नाव डॉक्टरांना दाखवावे. तेच औषध इथे वेगळ्या नावाने मिळते.

६. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. साठीपुढे तर नाहीच. काकूंचे मनगट आठवावे.

उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे ऐकणे. परतलेल्या माणसाला तिकडचे सांगायचे असते आणि पहिले आठ दिवस सोडले तर ऐकणारा कोणी नसतो. फोटो पाहून झाले, चॉकलेटे वाटून झाली की विषय संपतो. घरच्यांनी रोज दहा मिनिटे तरी ऐकावे. ‘मग राहायचं होतंस तिकडेच’ हे वाक्य मात्र जिभेवर येऊ देऊ नये. ते फार खोल लागते.

दुसरा उपाय, ओढ नेमकी कशाची हे ओळखणे. एका कागदावर तिकडच्या कोणत्या गोष्टी आठवतात ते लिहावे. त्यांतल्या दोन-तीन इथेही करता येतात. संध्याकाळचे चालणे, वाचनालय, स्वतःचे वाहन, आठवड्यातला एक मोकळा दिवस. वर सांगितलेल्या बाईंनी इथे पुन्हा मोटार चालवायला घेतली. नवऱ्याची समजूत घालायला मला तीन बैठका लागल्या, पण डोकेदुखीची गोळी सुटली.

तिसरा उपाय, परत जायचे की राहायचे हा निर्णय पहिल्या सहा महिन्यांत, नड नसेल तर, घेऊ नये. दुरून डोंगर साजरे असतात. तिकडे असताना धायरी साजरी दिसायची, आता तिकडचे सारे साजरे दिसते. मन निवल्यावर परत जावेसे वाटले तर जावे. त्यात कृतघ्नपणा नाही. तो जर्मनीहून आलेला मुलगा दीड वर्षाने परत गेला. दारू सोडून, आईशी नीट बोलून गेला. मी याला हार मानत नाही.

केव्हा थांबू नये?

सतत दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटणे, कशातच रस नसणे, वजन घटणे, रडू आवरत नसणे, दारू वाढणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. हा आजार आहे आणि तो बरा होतो. ‘जगून काय करायचे’ असे कोणी बोलले तर ते मनावर घ्यावे, त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

पोकिप्सीची आठवण

डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर होऊन १८८६ च्या अखेरीस मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. अमेरिकेत त्यांना लेकीसारखे घरात ठेवून घेणाऱ्या थिओडोसिया कार्पेंटरबाई याच न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या. आनंदीबाईंनी त्यांच्याशी मावशीचे नाते जोडले होते. आनंदीबाईंची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली. माणूस दोन्हीकडचा असू शकतो, हे आपल्याकडे फार जुने आहे. तेव्हा एका पत्राला कित्येक आठवडे लागत. आज बोट लावले की चेहरा दिसतो.

काकूंना मी हेच औषध दिले. झोपेची गोळी बंद केली आणि मुलाला फोन लावून वेळ ठरवली. आपल्या सकाळी सहाला तिकडे रात्रीचे साडेआठ, नातीची झोपायची वेळ. (थंडीत तिकडची घड्याळे तासभर मागे जातात, तेव्हा सातला.) रोज एक गोष्ट सांगायची. शाळेच्या बसला आता शेजारची बाई जाते, हेही मुलाने सांगितले. ते आधीच सांगितले असते तर!

पुढल्या महिन्यात प्लॅस्टर काढून काकू आल्या. झोपेचे विचारले तर म्हणाल्या, “रात्री दहाला डोळा लागतो. सकाळी सहाला गोष्ट सांगायची असते ना, जागरण करून कसं चालेल?”