पळीभर तेलावर चाललेला मठ

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, गौताळ्याच्या डोंगरकुशीत पाटण आहे. आज तिथे जंगल, पाटणादेवीचं देऊळ आणि महेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. पण आठशे वर्षांपूर्वी इथे बाजार भरत होता, घाणे फिरत होते आणि त्यांच्या जिवावर गणिताचा एक मठ चालत होता. देवीच्या देवळातला शके ११२८चा शिलालेख त्याची साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला.

मठ काढला चांगदेवाने. हा भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ इथे शिकवले जावेत, एवढाच त्याचा हेतू. या मुलखावर यादवांचे मांडलिक निकुंभ राज्य करत होते. त्यांच्यातल्या सोइदेवाने श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाला मठाला दान दिलं. ग्रहणाचं गणित करणाऱ्यांना याहून शोभणारा मुहूर्त कुठला! पुढे त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही त्यात भर घातली.

लेखाचा वंशावळीचा आणि स्तुतीचा भाग संस्कृत श्लोकांत आहे. देण्याघेण्याची गोष्ट निघाली की भाषा मराठी होते. तेल्याला आणि व्यापाऱ्याला कळायला हवं ना! पाटणात जे ‘केणें’, म्हणजे विक्रीचा माल, येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना मिळणारं ब्रह्मोत्तर त्यांनी मठाला सोडलं. नगराने दामाचा विसोवा, म्हणजे विसावा भाग दिला. शिवाय गिऱ्हाइकामागे पाच पोफळं आणि चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. माल मोजायचा तो मठाच्याच मापाने, आणि मोजणावळीतला निम्मा वाटाही मठाचा. वर जमीन होतीच.

याच सुमारास, १२१५मध्ये, रोमच्या लॅटरन परिषदेने चर्चच्या उत्पन्नातून गावच्या पाद्र्याला पुरेसा वाटा तोडून देण्याचा दंडक घातला. इंग्लंडमधला व्हिकर, म्हणजे गावचा पाद्री, बहुधा फळांसारख्या किरकोळ उत्पन्नाच्या दशांशावर जगला; धान्याचा दशांश सहसा त्याच्या वाट्याला येत नसे. तिथे उपासना पोसली गेली, इथे बीजगणित. पण दोन्हीकडे भार वाहिला तो राबणाऱ्या गावानेच.

मठाची वास्तू आज ओळखता येत नाही. चांगदेवाचं घराणं मात्र खानदेशात दिसत राहतं: भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव याने बहाळला शके ११४४मध्ये देवीचं देऊळ बांधलं, त्याचाही लेख आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’च्या आरंभी नाण्यांचं कोष्टक आहे: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म, म्हणजेच दाम. म्हणजे द्रम्माच्या १२८० कवड्या आणि त्याचा विसोवा चौसष्ट. आत मुलं हे कोष्टक घोकत असतील, तेव्हा बाहेर त्याच हिशेबाने त्यांच्या मठाचा वाटा जमा होत होता.