भाताच्या चिखलातून निघालेली जत्रा

ब्रो ब्रिज हे अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातलं, बायू टेश या संथ वाहणाऱ्या पाण्याकाठचं छोटं गाव. मे महिन्याच्या सुरुवातीला इथे क्रॉफिशची जत्रा भरते. क्रॉफिश हा गोड्या पाण्यातला दोन नांग्यांचा जीव. दिसायला थेट लॉबस्टर, पण तळहातावर मावेल एवढाच. जत्रेत त्याच्या शर्यती लागतात, तो कोण जास्त खातो याच्या पैजा लागतात, आणि त्याचा एटुफे हा पदार्थ कुणाचा सरस यावर स्वयंपाक्यांची चढाओढ होते. १९५९ साली, गावाला कायदेशीर दर्जा मिळून शंभर वर्षं झाली तेव्हा, राज्याच्या विधिमंडळाने ब्रो ब्रिजला ‘जगाची क्रॉफिश राजधानी’ ठरवून टाकलं आणि १९६० मध्ये ही जत्रा सुरू झाली.

इतका ढीगभर क्रॉफिश येतो कुठून, हे कळलं की सगळी जत्राच वेगळी दिसायला लागते. त्यातला बराचसा येतो भाताच्या खाचरांतून.

दक्षिण लुईझियानाची जमीन सपाट आणि चिकणमातीची. पाणी धरून ठेवते, म्हणून भात उत्तम येतो. जूनच्या आसपास उभ्या भातात शेतकरी पूर्ण वाढलेले क्रॉफिश सोडतो. ऑगस्टमध्ये कापणीसाठी पाणी काढायला लागलं की हे जीव बांधांच्या कडेने मातीत शिरतात. आपल्या कोकणातल्या मुठ्यांची जी खोड, तीच यांची. पण यांचं काम जास्त नेटकं. खणताना निघालेले चिखलाचे गोळे एकावर एक रचत बिळाच्या तोंडाशी छोटं धुरांडं उभं राहतं. मग चिखलाचंच बूच लावून तोंड बंद. वर ऊन रणरणतं, कापणीची यंत्रं फिरतात आणि खाली, हात-दोन हात खोल ओलाव्यात, मादी अंडी घालते. नराशी संग आधीच झालेला असतो. त्याचं बीज तिने वेळ येईपर्यंत जपून ठेवलेलं असतं. शेकडो अंडी ती शेपटीखालच्या इवल्या पायांना चिकटवून बाळगते, आणि पिल्लं बाहेर आली तरी दोनदा कात टाकेपर्यंत तिथेच लोंबकळत राहतात. बिळात डबकं असेलच असं नाही. कल्ले ओले राहतील एवढी दमट हवा मिळाली की त्यांचं भागतं.

ऑक्टोबरमध्ये शेतकरी खाचरात पुन्हा पाणी सोडतो. बूच मऊ पडतं, मादी वर येते आणि पोटाखालचा सगळा संसार पाण्यात उतरवते. या पिल्लांना कुणी दाणापाणी घालत नाही. कापणीनंतर राहिलेली धसकटं आणि त्यांना आलेले फुटवे पाण्यात कुजतात, त्यावर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांच्यावर किडे आणि गोगलगाई, आणि या साऱ्यावर क्रॉफिश पोसले जातात. तांदूळ माणसाने नेला, उरलेल्या पेंढ्याचं पुन्हा माणसाचंच अन्न झालं! हिवाळ्यापासून जूनपर्यंत खाचरात तारेच्या जाळीचे सापळे रांगेने उभे असतात. चाक लावलेली सपाट होडी त्या उथळ पाण्यातून चिखल तुडवत जाते. होडीवरचा माणूस एक सापळा उचलतो, उलटा करतो, नवं आमिष भरतो आणि होडी न थांबवता पुढच्याला हात घालतो.

जत्रेत हाच माल जाळीदार पोत्यांतून येतो. भल्यामोठ्या पातेल्यात लाल तिखट, लिंबं, लसूण, तमालपत्र, छोटे बटाटे, मक्याची कणसं आणि जिवंत क्रॉफिश. पाण्याला उकळी येऊन गेली की आच बंद करतात आणि सगळं तसंच मुरू देतात. खरा मसाला आत जातो तो या वेळात. काळपट कवच बघता बघता लालभडक होतं. तो लाल रंग मुळातच कवचात असतो, फक्त एका प्रथिनाने त्याला जखडून ठेवलेलं असतं. उष्णतेने प्रथिनाची पकड सुटली की रंग मोकळा. मग मेजावर कागद अंथरून त्यावर ढीग ओततात. डोकं एका हातात, शेपूट दुसऱ्या हातात, पीळ देऊन ओढायचं. डोक्यातला पिवळा रस चोखायचा, शेपटीचं कवच सोलायचं. हाती लागतं बोटाच्या पेराएवढं मांस. म्हणूनच हे जेवण तासन्‌तास चालतं आणि गप्पाही. एटुफेमध्ये तेच मांस कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरचीबरोबर लोण्यात मंद शिजतं आणि वाढतात ते भातावर. एका खाचरातले दोन सोबती ताटात पुन्हा भेटतात. मला या जत्रेतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

हे खाणारे केजन लोक मूळचे इथले नव्हेत. त्यांचे पूर्वज फ्रेंच. सतराव्या शतकात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, अकादी नावाच्या प्रदेशात वसले. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना हुसकून लावलं, जहाजांत कोंबून दूरदूर पाठवलं, घरं जाळली. १७६५ मध्ये त्यांतली काही कुटुंबं जोसेफ ब्रुसार्ड या म्होरक्याच्या मागे लुईझियानात पोचली. केजन सांगतात, अकादीच्या समुद्रातले लॉबस्टर आपल्या माणसांच्या ओढीने मागोमाग निघाले आणि वाटेतल्या हालांनी झिजत झिजत क्रॉफिश झाले. एवढी माया असलेली लोककथा मी क्वचितच ऐकली आहे. ब्रो ब्रिज हे गावही एका अकादियन घराण्यातल्या बाईने वसवलं: स्कोलास्तीक पिकू ब्रो या विधवेने १८२९ मध्ये स्वतः गावाचा आराखडा आखून घेतला.

जत्रेच्या मंचावरचं अकॉर्डियन आपल्या पेटीच्या नात्यातलं आहे. दोन्हीत भात्याच्या वाऱ्याने धातूची पट्टी थरथरते. मात्र केजन अकॉर्डियनमध्ये भाता दाबला की एक सूर, ओढला की त्याच बटणावर दुसरा. त्यामुळे चालीत एक झटका येतो आणि पाय आपोआप उचलले जातात. शेजारी एकजण लोखंडी त्रिकोण वाजवत असतो. जुन्या काळी तो गवत ओढायच्या यंत्राचे मोडके दाते वाकवून घडवत. म्हणजे तालही शेतातूनच आलेला. याच मंचावर कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं झायडेको संगीत वाजतं. त्यात वादक छातीवर पन्हाळीदार पत्रा अडकवून तो चमच्यांनी खरडतो. गाणी फ्रेंच. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतून फ्रेंच हद्दपार केली, बोलणाऱ्या मुलांना शिक्षा झाल्या, पण नाचाच्या मैदानातून तिला कुणी काढू शकलं नाही. १९६८ मध्ये राज्यानेच ती जपण्यासाठी संस्था स्थापन केली.

हा सगळा डोलारा बिळातल्या ओलाव्यावर उभा आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात लुईझियानात भीषण दुष्काळ पडला, चिकणमातीला भेगा गेल्या आणि असंख्य क्रॉफिश जमिनीखालीच मेले. पुढच्या हंगामात भाव कडाडले आणि मार्च २०२४ मध्ये राज्यपालांनी क्रॉफिशसाठी आपत्ती जाहीर केली. म्हणून जत्रेला जाणाऱ्याने गावाबाहेर, पश्चिमेला क्राउलीच्या बाजूलाही एक फेरी मारावी. मेमध्ये एका खाचरात हंगामातले शेवटचे सापळे उचलले जात असतात आणि बांधापलीकडे कोवळा भात वर आलेला असतो. महिन्याभरात त्यात क्रॉफिश सोडायचे असतात.