वजन आलं, ताकद कधी येणार?

मोठ्या आजारातून उठलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की घरच्यांचं लक्ष वजनकाट्याकडे लागतं. गालफडं बसलेली असतात, कपडे अंगावर लोंबत असतात. त्यामुळे दोनेक महिन्यांत चार किलो भरले की सगळ्यांना हायसं वाटतं. पण त्याच माणसाला जिना चढताना मध्येच थांबावं लागतं आणि खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो. वजन परत आलं तरी ताकद येत नाही, कारण गेलं ते आणि आलं ते एकच नव्हतं. गंभीर आजारपणात स्नायू झपाट्यानं झडतात. घरी आल्यावर नीट लक्ष दिलं नाही, तर त्यांची जागा बऱ्याच अंशी चरबी घेते. काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. म्हणून डिस्चार्जनंतर वजन किती वाढलं यापेक्षा काय खाऊन आणि काय करून वाढलं, हे जास्त महत्त्वाचं आहे.

ही झीज किती वेगानं होते याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. ब्रिटनमधल्या अतिदक्षता विभागांतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार अवघ्या 10 दिवसांत जवळपास 18 टक्क्यांनी घटलेला दिसला. आजार तर दूरच, निरोगी वृद्धांना नुसतं 10 दिवस अंथरुणात ठेवलं तरी त्यांच्या पायांतलं सुमारे किलोभर मांस गेलं, असं अमेरिकेतल्या एका प्रयोगात आढळलं. भरून येण्याची गोष्ट याहून वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशानं उतरलं. पुन्हा पोटभर जेवण सुरू झाल्यावर मात्र चरबी आधी भरून आली आणि स्नायू मागे राहिले. ही तरुणांची गत, तर सत्तरी गाठलेल्या आणि दिवसभर पलंगावर पडून असलेल्या रुग्णाचं काय होत असेल!

अशा वेळी आपल्याकडे रुग्णाच्या ताटात काय पडतं? सकाळी चहा-बिस्किट, मग तांदळाची पेज, दुपारी मऊ भात आणि पातळ वरण, मधूनमधून मोसंबीचा रस किंवा शहाळं, रात्री पुन्हा वरणभात आणि झोपताना कपभर दूध. हे सगळं मायेनं दिलेलं असतं आणि पहिले दोन-चार दिवस ठीकही असतं. पण बेरीज केली तर यातून प्रथिनं जेमतेम 25-30 ग्रॅम मिळतात. निरोगी माणसाला रोज किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. आजारातून उठलेल्या वृद्धासाठी तज्ज्ञ 1.2 ते 1.5 ग्रॅम सुचवतात, म्हणजे 72 ते 90 ग्रॅम. साबुदाण्याची खीर वाढवून हे अंतर मिटत नाही, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

‘पचायला जड जाईल’ ही प्रथिनं वाढवण्यावरची पहिली हरकत. ती अगदीच खोटी नाही, कारण आजारानंतर भूक मंदावलेली असते. पण त्यावर उपाय थोडं थोडं पाच-सहा वेळा खाण्याचा आहे. मुगाचं घट्ट वरण, दही, उकडलेलं अंडं, मऊ शिजवलेले मासे, पेजेत कालवलेली दूध पावडर यांत जड असं काही नाही. दुसरी हरकत खर्चाची. महागड्या डब्यांतल्या पावडरी भूक अगदीच नसेल तेव्हा उपयोगी पडतात, पण त्या अपरिहार्य नाहीत. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, मूठभर शेंगदाण्यांत सातेक. तिसरी हरकत मूत्रपिंडाची, आणि ती खरोखर गंभीर आहे. मूत्रपिंड अधू असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायला हवं. डायलिसिसवरच्या रुग्णाला मात्र उलट जास्त प्रथिनं लागतात, म्हणून सरसकट डाळ बंद करणं धोक्याचं.

कोणी म्हणेल, वजनाला काहीच किंमत नाही का? आहे. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात क्षयरुग्णांना उपचारांबरोबर दरमहा शिधा देऊन पाहिलं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसला. पण त्या शिध्यात तांदळाबरोबर डाळ आणि दूध पावडर होती, आणि तो महिनोन्‌महिने मिळत राहिला. हे सातत्य किती मोलाचं, ते स्वित्झर्लंडच्या आठ रुग्णालयांतल्या दोन हजारांवर रुग्णांच्या अभ्यासातून कळतं. दाखल असताना प्रत्येकाच्या गरजेनुसार आहार दिला तेव्हा 30 दिवसांतले मृत्यू 10 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आले. सहा महिन्यांनी मात्र असा आहार मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत फरक उरला नाही. तो आहार रुग्णालयापुरताच होता.

म्हणून वजन जरूर पाहावं, पण त्याचा अर्थ लावावा. हृदयाच्या रुग्णाचं वजन तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलं तर ते अंगात साचलेलं पाणी असू शकतं. तेव्हा खूश न होता डॉक्टरांना फोन करावा. एरवी काट्याच्या जोडीला एक साधी चाचणी ठेवावी. हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं, शेजारी कोणी उभं राहून घड्याळ लावायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर पायांत अजून बळ आलेलं नाही. हीच उठबैस डॉक्टरांना विचारून रोज केली तर व्यायामही होतो, आणि त्याशिवाय खाल्लेल्या प्रथिनांचे स्नायू फारसे बनत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. रोज प्रथिनं किती आणि चालायचं किती, हे दोन आकडेही नातेवाइकांनी निघण्यापूर्वी त्यावर लिहून मागायला हवेत.