साष्टींतील पाणी, बांध आणि आपत्ति-नियोजनाचे कागद

आपत्ति-नियोजन हा विषय इतिहास-संशोधनाच्या त्रैमासिकांत कां यावा, असा प्रश्न वाचकांस पडणें साहजिक आहे. नियोजन हें पुढील काळाचें आणि आमचें काम मागील काळाचें. परंतु मुंबईच्या उपनगरांपुरतें पाहिलें तर हें अंतर वाटतें तितकें मोठें नाहीं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील कारभाऱ्यांस पुराच्या वेळीं जी माहिती हवी असते, तिचा कांहीं भाग जुन्या दप्तरांत, म्हणजे आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या पेट्यांत, आहे. ती माहिती कोणती व तिचा उपयोग कसा, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

ज्या भूभागास आज उपनगरें म्हणतात तो म्हणजे जुनी साष्टी. सासष्ट गांवांची म्हणून साष्टी, ही व्युत्पत्ति सर्वपरिचित आहे. हें बेट १७३७ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून घेतलें व १७७४ च्या अखेरीस तें इंग्रजांच्या हातीं गेलें. राज्यें बदललीं तरी कारभाराचा घटक गांव हाच राहिला. गांवाची शीव, तळें, खार, ओढा व डोंगर हीं एकत्र मोजलीं जात. १९५० व १९५७ या दोन सालीं हीं गांवें टप्प्याटप्प्यानें बृहन्मुंबई महानगरपालिकेंत आलीं. वांद्रें, कुर्ला यांसारख्या नगरपालिका लोपल्या, आणि गांवाची जागा विभागानें घेतली. घाटकोपर एन विभागांत गेलें, मुलुंड टी विभागांत, अंधेरीचे तर पूर्व व पश्चिम असे दोन तुकडे पडले. रस्ते झाडणें व कर वसूल करणें यांस ही वांटणी सोयीची आहे. पाण्यास मात्र ती ठाऊक नाहीं. तें अजून जुन्या शिवेनेंच वाहतें.

या पाण्याचा बंदोबस्त पूर्वीं कसा होत असे, हें समजण्यास खारबंदिस्तीचे कागद पाहावे. उत्तर कोंकणांत खाडीकांठची खाजण जमीन मातीच्या बाहेरच्या बांधानें भरतीपासून राखीत. बांधास उघाडी ठेवीत. ओहोटीस आंतील पावसाचें पाणी तींतून बाहेर जाई व भरतीस ती मिटे. बांध घालून जमीन लागवडीस आणणारास शिलोत्रीदार म्हणत, आणि बाहेरचा बांध दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी त्याच्याकडे असे. त्याबद्दल कुळांकडून त्यास हक्क मिळे. बांधास खांड पडली व ती वेळेवर भरली गेली नाहीं, तर हक्काविषयीं तक्रार उभी राही. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांच्या इंग्रजी गॅझेटियरांत या वहिवाटीची हकीकत आली आहे. आमचे संशोधक ती जमिनीच्या हक्काचें प्रकरण म्हणून वाचतात. आमच्या मतें ती तितकीच आपत्ति-नियोजनाचीही हकीकत आहे. धोका कोणता, तो कोठून येतो, त्यावर नजर कोणी ठेवावयाची व खर्च कोणी सोसावयाचा, या चारही प्रश्नांचीं उत्तरें त्या वहिवाटींत ठरलेलीं होतीं. गोमंतकांत खाजणांच्या बांधांची व मानशींची हीच व्यवस्था गांवकरीच्या द्वारें चालत आली. मुंबई सरकारनें १९४८ सालीं खारजमिनींचा कायदा केला, तेव्हां या जबाबदारीस सरकारी रूप आलें. उपनगरांत मात्र तोंवर खारांवर घरें उभीं राहूं लागलीं होतीं. खार हें स्टेशनाचें नांव झालें आणि शब्दाचा अर्थ लोक विसरले.

शके १९२७ च्या आषाढ वद्यांत, म्हणजे ता. २६ जुलै २००५ रोजीं, जें झालें त्याचा विचार या पार्श्वभूमीवर करावा. सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला; कुलाब्यास त्याच अवधींत सुमारें ७३ मिलिमीटर पडला. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे एका शहराचा एकच हवाला पुरत नाहीं हें ध्यानांत येतें. शहरांतील जुनीं गटारें ओहोटीच्या वेळीं तासास २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेतानें बांधलेलीं होतीं. त्या दुपारीं एका तासांत त्याच्या अनेकपट पाऊस झाला, आणि त्याच सुमारास खाडीस मोठी भरती होती. विहार व पवई या तलावांच्या सांडव्याखालून निघून माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी नदी तेव्हां पुष्कळांस प्रथमच नदी म्हणून कळली. तोंवर ती नाला होती. मुंबईंत चारशेंहून अधिक माणसें दगावलीं. साकीनाक्यास डोंगराचा कडा झोंपड्यांवर कोसळून एकाच जागीं सत्तरांच्या आसपास जीव गेले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या सत्यशोधन समितीनें २००६ सालीं दिलेला अहवाल हा साष्टीच्या भूगोलाचा अलीकडील काळांतील महत्त्वाचा कागद आहे, आणि तो संग्राहकांनीं बखरीइतक्याच आस्थेनें जपावा असें आम्हांस वाटतें.

त्या दिवशीं योजना नव्हती असें मात्र नाहीं. लेखी आपत्ति-योजनेची परंपरा आपल्याकडे १८८० च्या दुष्काळ कमिशनापासून व त्यानंतरच्या दुष्काळ संहितेपासून धरतां येते. ती संहिता अवर्षणाची. त्यापूर्वीं मराठी दप्तरांत सूट, तगाई व कौल यांचे जे कागद येतात, त्यांतही मुख्य चिंता पीक बुडाल्याची व वसुलाची आहे. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप झाल्यावर महाराष्ट्र सरकारनें जिल्ह्याजिल्ह्याच्या योजना तयार करविल्या, मुंबईचीही झाली. पुढें २००५ च्या डिसेंबरांत आपत्ति व्यवस्थापनाचा केंद्रीय कायदा झाला. त्यानें राष्ट्र, राज्य व जिल्हा अशीं प्राधिकरणें नेमलीं, जिल्हा प्राधिकरणाचें अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिलें, आणि स्थानिक संस्थांनीं आपलीं माणसें शिकवून तयार ठेवावीं, साधनें सज्ज राखावीं व जिल्हा योजनेस अनुसरून मदतकार्य करावें असें सांगितलें. २०२५ च्या दुरुस्तीनें मोठ्या शहरांसाठीं निराळ्या नागरी प्राधिकरणाची तरतूद आली आहे.

या साऱ्या शिडीची खालची पायरी महानगरपालिकेच्या विभागापाशीं संपते, आणि एकेका विभागांत लाखांनीं माणसें राहतात. त्यांत एखादें गांवठाण, एखादा कोळीवाडा, डोंगरउतारावरील एखादा पाडा हीं यादींतील एक ओळ होऊन राहतात. ता. १२ जुलै २००० रोजीं घाटकोपरास दरड कोसळून साठांहून अधिक माणसें गेलीं. २०१९ च्या जुलैंत मालाडच्या पिंपरीपाड्यावर भिंत पडली, २०२१ च्या जुलैंत चेंबूर व विक्रोळी येथें पुन्हा तोच प्रकार झाला. या सर्व वस्त्या लहान होत्या व उताराच्या पायथ्याशीं किंवा उतारावरच होत्या. तेथें नियंत्रण-कक्षाचा दूरध्वनि-क्रमांक ठाऊक असून भागत नाहीं. रात्रीं दोन वाजतां कोणत्या वाटेनें निघावयाचें, कोणत्या घरांतील म्हातारें माणूस उचलून न्यावयाचें, शाळेची किल्ली कोणापाशीं असते, हें त्या वस्तीनेंच आधीं ठरवून लिहून ठेविलें पाहिजे. असा कागद दोन पानांचा पुरे. किंबहुना दोन पानांहून मोठा झाला तर तो कोणी वाचणार नाहीं.

त्या दोन पानांपैकीं एक पान नकाशाचें. येथें संग्राहकांचें काम येतें. इंग्रजी अमदानींतील मोजणीच्या नकाशांत तळीं, ओढे, पाणथळ जागा व बांध दाखविलेले असतात. आज त्यांपैकीं पुष्कळ बुजले आहेत. बुजलेलें तळें पावसांत आपली जागा पुन्हा मागतें, हें उपनगरांतील कोणीही जुना रहिवासी सांगेल. फेरफाराच्या नोंदी, आकारबंद, शिवेच्या तंट्यांचे महजर, खोतांचीं व इनामदारांचीं दप्तरें, यांतून ओढ्याचें नांव, उघाडीची जागा, पूर्वीं पाणी कोठवर चढलें याचा उल्लेख निघूं शकतो. राजवाड्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर आपण वंश व वृत्ति यांसाठीं चाळतों. तिच्यांतील गांवांचीं नांवें एकवार पाण्याच्या दृष्टीनें वाचून पाहावीं. दहिसर, पोईसर, ओशिवरा हीं गांवांचीं नांवें तशीच नद्यांचींही आहेत, आणि त्या सर्व बोरिवलीकडील डोंगरांतून उतरून पश्चिमेच्या खाड्यांस मिळतात.

येथें दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणें अवश्य आहे. जुना नकाशा आजच्या भूमीचा साक्षीदार नव्हे. भराव पडले, तिवरें तुटलीं, विमानतळासाठीं मिठीचा प्रवाह वळविला गेला. तेव्हां जुन्या रेघेवर आजची पातळी मोजल्याशिवाय निष्कर्ष काढूं नये. नकाशाचें साल व मोजमाप नकलेवर लिहिलें नाहीं, तर ती नक्कल कारभाऱ्यांस निरुपयोगीच नव्हे तर घातक होईल. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. गांवठाणांतील कुटुंबें आपले कागद बाहेर दाखविण्यास भितात, आणि त्यांची भीति खोटी नाहीं. उपनगरांत जमिनीचा कागद बाहेर पडला कीं त्यामागें कज्जा येतो. म्हणून संशोधकानें मालकीच्या नोंदी व नांवें वगळून केवळ पाण्याचा, वाटांचा व उंचवट्यांचा भाग उतरून घ्यावा, आणि मूळ कागद ज्याचा त्याच्या घरीं राहूं द्यावा. हा नियम आधीं सांगितला तर पेट्या उघडतात असा आमचा अनुभव आहे.

त्या पेट्यांविषयीं एक विनंति. १९६१ सालीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां मुठेकांठच्या घरांतून आणि २००५ सालीं उपनगरांतील तळमजल्यांवरून किती कागद गेले याची गणती नाहीं. ज्यांच्या संग्रहांत साष्टीच्या गांवांचे नकाशे किंवा खारबंदिस्तीचे कागद असतील, त्यांनीं ते जमिनीपासून निदान पुरुषभर उंच फळीवर ठेवावे, पावसाळ्यापूर्वीं त्यांची छायाप्रत करवून ती दुसऱ्या गांवीं ठेवावी, आणि एक प्रत त्या त्या गांवठाणांतील शाळेस किंवा कोळीवाड्याच्या पंचांस द्यावी. प्रतीच्या पाठीवर गांवाचें नांव, कागदाचें साल, मूळ कागद कोणत्या संग्रहांतील आहे तें, व ओढ्यांचीं जुनीं नांवें बाळबोध अक्षरांत लिहावीं. मोडी सर्वांस वाचतां येत नाहीं.